कोटी कणांतला एक

१६ मार्च १९२८ रोजी बंगळुरूत एक व्याख्यान झाले. वक्ते कलकत्त्याहून पाहुणे म्हणून आले होते. निमंत्रण दक्षिण भारतीय विज्ञान संघाचे होते आणि विषय होता ‘एक नवे प्रारण’. चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. ज्या शोधाबद्दल ते बोलणार होते, तो जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वीचा, २८ फेब्रुवारीचा. व्याख्यान महिना संपायच्या आत छापून निघाले आणि त्याच्या प्रती टपालाने जगभरच्या शास्त्रज्ञांकडे रवाना झाल्या. १९३० साली त्याच शोधाला नोबेल मिळाले.

त्या व्याख्यानात द्रव आहेत, बाष्पे आहेत, स्फटिक आहेत. रोग आणि रोगी कुठेच नाहीत. शंभर वर्षे व्हायला आली असताना आज मात्र तोच प्रकाश मेंदूच्या शस्त्रक्रियेत गाठ कुठे संपते ते दाखवतो आणि नवी मुंबईत खारघरला तंबाखू खाणाऱ्याच्या गालाच्या आतून त्या गालाची हकिकत वाचतो. बंगळुरूच्या सभागृहातून निघालेला हा प्रकाश इथवर कसा आला, आणि आपल्या गावच्या आरोग्य केंद्राच्या उंबरठ्याशी का थांबला आहे, ते सांगावे म्हणून हा लेख.

या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. १९२१ साली रामन ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेला गेले आणि ‘नारकुंडा’ जहाजाने परतले. भूमध्य समुद्राची गडद निळाई त्यांनी डेकवरून पाहिली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे तेव्हा मानले जाई. रामन यांनी खिशातल्या छोट्या निकोल प्रिझमने पृष्ठभागावरचे परावर्तन काढून टाकून पाहिले. निळाई उरलीच, उलट जास्त खुलली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे टिपण त्यांनी ‘नेचर’ला पाठवले. त्यावर पत्ता आहे ‘मुंबई बंदर’ आणि तारीख २६ सप्टेंबर. पुढची सात वर्षे बौबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये याच प्रश्नाचा पाठपुरावा झाला.

प्रयोगाची मांडणी आजही थक्क करते. दिव्याऐवजी सूर्यप्रकाश होता. दुर्बिणीच्या भिंगाने तो एकवटायचा, निळ्या-जांभळ्या गाळणीतून पार करायचा आणि शुद्ध केलेल्या द्रवात सोडायचा. मग डोळ्यापुढे अशी गाळणी धरायची, की निळा-जांभळा प्रकाश तिच्यातून येऊच नये. दोन्ही गाळण्या मिळून अंधार व्हायला हवा. तरीही द्रवातून एक फिकट रेघ दिसत राही. म्हणजे आत गेलेल्या प्रकाशातला थोडासा भाग रंग बदलून बाहेर येत होता. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी साठेक द्रव तपासले आणि प्रत्येकात तेच आढळले.

याचे कारण रेणूंच्या कंपनात आहे. रेणू म्हणजे बंधांनी जोडलेले अणू, आणि ते बंध सतत थरथरत असतात. प्रकाशाचा कण रेणूवर आदळून उडतो तेव्हा बहुतेक वेळा तो जसा आला तसाच जातो. क्वचित एखादा कण आपली थोडी ऊर्जा त्या थरथरीला देऊन जातो, किंवा तिच्याकडून घेऊन जातो. किती क्वचित? काही लाखांत, बहुधा कोटीत एखादा. पण त्या एकाने किती ऊर्जा दिली हे मोजले की कोणता बंध थरथरला ते कळते. तबल्याचा आवाज ऐकून कान असलेला माणूस शाई नीट बसली आहे की नाही हे सांगतो, तसे हे आहे. तबला आणि मृदंगाच्या शाईमुळे त्या वाद्यांचे उपस्वर सुरेल का होतात, यावर रामन यांनी या शोधाच्याही आधी अभ्यास केला होता. कंपने मोजायची त्यांना जुनी आवड होती.

अशा मोजणीचा जो आलेख निघतो तो वर्णपट. त्यातले उंचवटे ठरलेल्या जागी येतात. फिनाइलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल जिथे असेल तिथे १००४ प्रति सेंटिमीटरच्या आसपास टोकदार शिखर उभे राहते. स्निग्ध पदार्थांचे १४४०च्या जवळ, प्रथिनांच्या कण्याचे १६५५च्या आगेमागे, हाडातल्या खनिजाचे ९६०ला. हाडातले खनिज सोडले तर प्रत्येक पेशीत हे सगळे असतेच. प्रमाण बदलते, आणि रोगाची पहिली खूण बहुधा या प्रमाणात उमटते. गाठ हाताला लागण्याच्या आधी, डोळ्याला दिसण्याच्या आधी पेशीतले रेणू बदललेले असतात.

प्रकाशाने शरीरातले रेणू ओळखण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके वाड्या-वस्त्यांवर जाऊन लोकांच्या बोटांना तो लावत होती. त्या चिमट्यात दोन छोटे दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ९४०चा. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि न घेतलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा बदल मोजून यंत्र आकडा दाखवते. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली हे तत्त्व मांडले. म्हणजे ज्या शास्त्राला आपण प्रयोगशाळेतले, अवघड, बड्या संस्थांचे समजतो, ते आशा सेविकांच्या पिशवीतून आपल्या ओसरीवर येऊन गेले आहे. मुतखडा काढल्यावर तो कशाचा आहे हे पाहायला प्रयोगशाळा अवरक्त वर्णपट काढते, तेही हेच शास्त्र.

मग रामन यांच्या प्रकाशाला रुग्णालयात यायला इतका उशीर का झाला? अडचण त्या कोटीतल्या एकाची होती. हार्वर्डमधले जॉन एडसॉल यांनी १९३६ साली अमिनो आम्लांचे रामन वर्णपट घेतले. पण पाऱ्याच्या दिव्याखाली फोटोपट्टीवर ते उमटायला फार वेळ लागे. लायसोझाइम या प्रथिनाचा वर्णपट गारफिंकेल आणि एडसॉल यांना मिळाला तो १९५८ साली. १९६०ला लेसर आला आणि एकाच रंगाचा प्रखर झोत हाती आला. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये सीसीडी या प्रकाशसंवेदी चिपचा शोध लागला, आणि पुढे तिच्या आधाराने क्षीणातला क्षीण प्रकाश टिपता येऊ लागला. आणखी एक मोठा अडथळा होता. निळा-हिरवा प्रकाश पडला की ऊती स्वतःच चमकू लागतात आणि त्या चमकेत रामन यांची रेघ बुडून जाते. लालसर, ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरला तर ही चमक पुष्कळ कमी होते. हे सगळे जुळून यायला साठेक वर्षे लागली. १९९० साली नेदरलँड्समधल्या गेरविन पुप्पेल्स आणि सहकाऱ्यांनी एकेका जिवंत पेशीचा वर्णपट घेतला, आणि मग वैद्यकाची दारे भराभर उघडली.

यातले शस्त्रक्रियेचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. मेंदूतली गाठ काढताना शल्यविशारदापुढे रोज एक जीवघेणा प्रश्न असतो: इथे थांबू की आणखी काढू? गाठीच्या कडेला रोगट आणि निरोगी पेशी मिसळलेल्या असतात. जास्त कापले तर बोलणे जाते, हात जातो; कमी कापले तर रोग परततो. माँट्रियलमध्ये फ्रेडरिक लब्लाँ आणि शल्यविशारद केव्हिन पेट्रेका यांनी पेनासारखा हातात धरायचा रामन प्रोब बनवला. मेंदूला टेकवला की सेकंदाच्या अंशात उत्तर. २०१५ साली त्यांनी १७ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. कर्करोगाच्या पेशी असलेल्या जागा ९३ टक्के वेळा बरोबर ओळखल्या गेल्या, आणि निरोगी जागा ९१ टक्के वेळा. नुसत्या सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या, आत शिरलेल्या पेशीही यात सापडल्या.

अमेरिकेत मिशिगनमध्ये वेगळा मार्ग धरला गेला. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीत पाठवून, गोठवून, काप करून, रंगवून उत्तर यायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि तोवर रुग्ण उघड्या कवटीने टेबलावर असतो. तिथल्या संशोधकांनी उत्तेजित रामन विकिरणाने तुकड्याचे चित्र थेट शस्त्रक्रियागृहातच, रंग न लावता काढले आणि संगणकाला वाचायला दिले. २०२०च्या सुरुवातीला ‘नेचर मेडिसिन’मध्ये २७८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. संगणकाचे निदान ९४.६ टक्के बरोबर ठरले, नेहमीच्या पद्धतीचे ९३.९ टक्के, आणि उत्तर अडीच मिनिटांच्या आत आले. रॉटरडॅमला जिभेच्या कर्करोगात तर साध्या पाण्यानेच काम झाले. गाठीत पाणी जास्त आणि भोवतीच्या निरोगी ऊतीत कमी, हे रामन वर्णपटातून मोजता येते. कुठवर कापायचे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आतल्या थरापर्यंत पोहोचण्याची युक्ती इंग्लंडची. पावेल माटूसेक यांनी रदरफर्ड अॅपलटन प्रयोगशाळेत २००५च्या सुमाराला दाखवून दिले, की लेसर एका जागी सोडला आणि परतणारा प्रकाश थोडा बाजूला टिपला तर खोलातली माहिती मिळते. विमानतळांवर बंद बाटलीतला द्रव न उघडता तपासणारी यंत्रे याच युक्तीवर उभी राहिली. डॉक्टरांना तिचा वेगळा उपयोग दिसतो. स्तनात आढळणारे कॅल्शियमचे बारीक कण निरुपद्रवी ऑक्झलेटचे आहेत की हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे, हे क्ष-किरणाने नीट कळत नाही. दुसऱ्या प्रकारचे कण कर्करोगातही सापडतात. वर्णपटात मात्र दोघांची शिखरे वेगळी दिसतात. सुई न खुपसता हे कळले तर किती बायकांची बायोप्सी आणि किती रात्रींची झोप वाचेल!

आता खारघर. टाटा मेमोरियल सेंटरची अॅक्ट्रेक ही संशोधन संस्था तिथे आहे. डॉ. सी. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कर्करोगावरचे रामन संशोधन वर्षानुवर्षे चालवले आहे. त्याची सुरुवात कर्नाटकात मणिपालला झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वर्णपटशास्त्रात हयात घालवलेले व्ही. बी. कार्था तिथे गेले होते. निरोगी, सुजलेले, कर्करोगपूर्व आणि कर्करोगाचे तुकडे वर्णपटावरून वेगळे ओळखता येतात, हे मणिपालच्या २००६च्या निबंधाने दाखवले. अॅक्ट्रेकने पुढे तुकडा कापण्याचीही गरज ठेवली नाही. प्रोब थेट रुग्णाच्या तोंडात गेला.

ही तपासणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. रुग्ण चूळ भरतो. खोलीतले दिवे मंद करतात, कारण शोधायचा प्रकाश फारच क्षीण असतो. बोटभर जाडीचा प्रोब गालाच्या आतल्या अस्तराला टेकवतात. त्यातल्या एका तंतूतून ७८५चा लेसर आत जातो, दुसऱ्यातून परतलेला प्रकाश यंत्राकडे येतो. काही सेकंद स्थिर राहायचे. मग प्रोब थोडा सरकवायचा, कोणत्या दाताच्या समोरची जागा आहे त्याची नोंद करायची आणि पुन्हा तेच. रुग्णाच्या दुसऱ्या, चांगल्या दिसणाऱ्या गालाचेही वर्णपट घेतात. निरोगी गालाचा आलेख स्निग्ध पदार्थांच्या शिखरांनी भरलेला असतो, कारण अस्तराखाली चरबीचा थर असतो. कर्करोगाच्या गालात ती शिखरे बसतात आणि प्रथिनांची वर येतात. रक्ताचा थेंब नाही, टाका नाही, दुखणे नाही.

या कामातला एक निष्कर्ष प्रत्येक घरात पोहोचायला हवा. तंबाखू खाणाऱ्याचा जो गाल वरून अगदी धडधाकट दिसतो, चट्टा नाही, व्रण नाही, त्याचा वर्णपटही तंबाखू न खाणाऱ्याच्या गालापेक्षा वेगळा येतो. आणि एका गालाला कर्करोग असेल तर समोरचा चांगला गालही पूर्णपणे निरोगी उरलेला नसतो. ‘मला तर काही होत नाही’ असे म्हणत तळहातावर चुना मळणाऱ्या माणसाच्या तोंडात काय होत आहे, ते हा आलेख दाखवतो. याच प्रयोगशाळेने रक्तद्रवाच्या वर्णपटावरून तोंडाचा कर्करोग ओळखण्याचेही प्रयोग केले आहेत. ते पुढे पक्के झाले, तर गावातून रक्ताची बाटली शहरात पाठवून काम भागेल.

हे काम जगात इतर कुठल्याही देशापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ३५ हजारांहून जास्त नवे रुग्ण आढळले. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण बिनधुराची तंबाखू खात होता. विदर्भात खर्रा, अन्यत्र मावा, घरातल्या बायकांच्या हाती सकाळची मशेरी. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून ती सहज चुकवली जाते. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा असलेला हा रोग बहुतेक वेळा उशिरा, गाठ मानेत उतरल्यावर डॉक्टरांपुढे येतो.

म्हणून हे संशोधन गावापर्यंत न पोहोचणे मला खुपते. निबंध आहेत, आकडे आशादायक आहेत, मग तालुक्याच्या रुग्णालयात हे यंत्र का नाही? उत्तर कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. एका यंत्रावर शिकवलेला संगणक दुसऱ्या यंत्राचा वर्णपट तितक्याच विश्वासाने वाचत नाही. लेसर, प्रोब, गाळण्या बदलल्या की आलेख किंचित सरकतो. बहुतेक अभ्यास पन्नास-शंभर रुग्णांचे, एकाच संस्थेतले. पन्नासातले नव्वद टक्के आणि पन्नास हजारांतले नव्वद टक्के यांत फार अंतर असते. गावात तपासलेल्या हजारांत खरे रुग्ण मोजकेच निघतील, आणि यंत्राने निरोगी माणसांना खोटी भीती घातली तर पुढच्या वेळी ती माणसे येणारच नाहीत. कॅनडात त्वचेच्या कर्करोगासाठी असे एक यंत्र २०११ साली मंजूर झाले होते, तरी त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत ते सर्रास पोहोचले नाही.

ऑक्सिमीटरनेही एक धडा दिलाच आहे. २०२०च्या शेवटी अमेरिकेत आढळले, की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातला प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली असण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्यांत ३.६ टक्के होते. गडद त्वचा प्रकाश वेगळ्या प्रमाणात शोषते, हे यंत्र बनवणाऱ्यांनी पुरेसे तपासले नव्हते. प्रकाशाने रोग पाहणारे कोणतेही यंत्र आपल्याकडे आणायचे, तर ते आपल्या माणसांच्या तोंडात, आपल्या तंबाखूच्या डागांवर, आपल्या पान-सुपारीच्या सवयींवर तपासूनच आणायला हवे. हे काम परदेशातला कुणी आपल्यासाठी करून देणार नाही. अॅक्ट्रेक, मणिपाल आणि बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांना मिळून एकाच बनावटीच्या यंत्रांवर, चार-पाच जिल्ह्यांत, हजारो माणसांची चाचणी घेता आली पाहिजे. त्यासाठी पैसा लागेल, पण तो एखाद्या महागड्या स्कॅनरच्या किमतीपलीकडे फार जाणार नाही, असे मला मनापासून वाटते. दर २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, शाळांत रामन यांची छायाचित्रे लावतो. त्यांच्या शोधाने आपल्याच रोग्यांना वेळेवर ओळखावे, याहून चांगला सन्मान मला सुचत नाही.

आणि तोवर काय? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६पासून एक मोठी चाचणी झाली. प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे नुसती उजेडात उघडून पाहिली. लेसर नाही, संगणक नाही. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. तिशीपुढच्या सर्वांची अशी तपासणी व्हावी, हे आता आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आहे.

दिवाळीला घरी सगळे जमतील. त्यांतले जे तंबाखू, मावा, खर्रा किंवा मशेरी वापरतात, त्यांचे तोंड एकदा टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तिखट खाताना आग होते का, स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे तपासा. यातले काही आढळले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंतवैद्याकडे त्यांना स्वतः घेऊन जा. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते.